पॅकेज घेण्याआधी : स्वतःचं पुस्तक स्वतः काढू पाहणाऱ्या लेखिकेला उत्तर

प्रश्न असा आहे : "मी मुंबईत पालिकेच्या रुग्णालयात परिचारिका होते. निवृत्तीनंतर वॉर्डातल्या आठवणी लिहून काढल्या, साधारण ४५ हजार शब्द झाले आहेत. दोन प्रकाशकांकडे हस्तलिखित दिलं होतं. एकानं नकार कळवला, दुसऱ्याकडून काहीच कळलं नाही. आता एका कंपनीनं ९५ हजार रुपयांत १,००० प्रती, आयएसबीएन, मुखपृष्ठ आणि ऑनलाइन विक्री असं पॅकेज देऊ केलं आहे. घेऊ का? की स्वतःच काढू? स्वतः काढायचं तर सुरुवात कुठून करायची?"

ताई, पॅकेज घेऊ नका. पुस्तक स्वतः काढा.

९५ हजार फार होतात म्हणून मी हे सांगत नाही. प्रतीमागे ९५ रुपये हा दर काही अवाजवी नाही. पण अशा पॅकेजांत बहुतेक वेळा आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, कंपनीच्या नावावर असतो, अक्षरजुळणीची, म्हणजे मजकूर पानांत मांडलेली, फाइल त्यांच्याकडे राहते, ऑनलाइन विक्रीचं खातं त्यांचं असतं, आणि हजार प्रती मात्र तुमच्या घरी येऊन पडतात. पुढे एखादी चूक दुरुस्त करायची, किंमत बदलायची, दुसरी आवृत्ती काढायची, तर दर वेळी त्यांच्याकडे जावं लागतं. मी दादर-परळ भागात बरीच वर्षं पुस्तकनिर्मितीचं काम करतो, प्रकाशकांसाठी आणि स्वतः पुस्तक काढणाऱ्यांसाठीही. हातात छापील प्रत घेऊन "दुसरी आवृत्ती काढायची आहे" म्हणत येणारे लेखक नेहमी भेटतात. फाइल विचारली की ती त्यांच्याकडे नसते. मग अख्खं पुस्तक पहिल्या अक्षरापासून पुन्हा टाइप करायचं आणि पुन्हा तपासायचं. पैसे देऊन काढलेलं पुस्तक दुसऱ्यांदा पैसे देऊन सोडवून घ्यावं लागतं, आणि हे मला फार लागतं.

म्हणून स्वतः काढताना एकच गोष्ट पक्की धरा : पुस्तकाचे हक्क, फाइल, आयएसबीएन आणि विक्रीचा हिशेब या चार गोष्टी तुमच्याच ताब्यात राहिल्या पाहिजेत. बाकी सगळं काम माणसं लावून करून घेता येतं.

पहिला खर्च संपादनावर करा. मुखपृष्ठ, छपाई, समारंभ यांवर लोक हात मोकळा सोडतात आणि संपादनाला "भाचा मराठीचा शिक्षक आहे, तो बघेल" म्हणतात. भाचा ऱ्हस्व-दीर्घ बघेल. ते मुद्रितशोधन झालं आणि तेही हवंच, पण ते शेवटी. संपादक त्याच्या आधीचं काम करतो. कोणती आठवण दोनदा आली आहे, कुठे तुम्ही रुग्णाला सोडून प्रशासनावर रागावत राहिला आहात, कोणत्या प्रकरणाला शेवटच नाही, हे तो दाखवतो. तुमच्यासारख्या लेखनात एक गोष्ट हमखास होते. सगळं नोकरीच्या क्रमानं लिहिलेलं असतं, आणि प्रशिक्षणाची पहिली तीस पानं ओलांडल्याशिवाय वाचक वॉर्डात पोचतच नाही. चांगला संपादक तुम्हाला पहिल्या पानावरच रात्रपाळीला उभं करेल.

संपादक निवडताना नावावर जाऊ नका. मधलीच कुठलीतरी दहा पानं द्या, त्याचे पैसे द्या, आणि काय परत येतं ते पाहा. ज्यानं तुमची "मावशी", "वॉर्डबॉय", "केसपेपर", "सलाइन लावलं" ही भाषा काढून तिथे "सेविका", "रुग्णपत्रिका" असलं काही घातलं असेल, त्याला काम देऊ नका. वॉर्डातला माणूस केसपेपरच म्हणतो. तुमच्या पुस्तकाचं बळ त्या बोलण्यात आहे. उलट ज्यानं समासात "हे मूल पुढे वाचलं का?" एवढंच लिहिलं असेल, तो तुमचं पुस्तक वाचतो आहे असं समजा.

संपादन सुरू होतानाच दोघांनी बसून एक कागद तयार करायचा. "झालं" की "झाले", "हॉस्पिटल" की "रुग्णालय", "सलाइन" की "सलाईन", आकडे अंकांत की अक्षरांत. शुद्धलेखनाला १९६२चे नियम आणि १९७२ची त्यांतली भर हा आधार आहेच, पण त्यांना धरूनही शेकडो ठिकाणी निवड उरते. हा कागद मुद्रितशोधकाला आणि जुळणी करणाऱ्याला द्या. निवड कोणती केली याचं वाचकाला फारसं काही नसतं, पण एकाच पानावर दोन रूपं दिसली की तो अडखळतो.

आता तुमच्या पुस्तकापुरता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. इथे घाई करू नका. तुम्ही खऱ्या रुग्णांबद्दल लिहिलं आहे. नाव बदललं की झालं, असं बहुतेकांना वाटतं. पण नाव बदलून गाव, वय, धंदा, वॉर्ड आणि साल तेच ठेवलं, तर शेजारचा माणूस पाच ओळींत ओळखतो. काही बाबतींत तर कायदा स्पष्ट आहे. एखाद्याला एचआयव्हीची लागण होती हे त्याच्या संमतीशिवाय उघड करायला २०१७च्या एचआयव्ही व एड्स प्रतिबंध कायद्यानं मनाई आहे. बलात्कारासारख्या गुन्ह्यात पीडितेची ओळख पटेल असं काही छापणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, आणि मूल असेल तर मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पॉक्सो कायदाही लागू होतो. पीडितेची ओळख नावाशिवायही उघड होऊ शकते, हे लक्षात ठेवा.

सार्वजनिक घटना तशाच राहू द्या. १२ मार्च १९९३ची बॉम्बस्फोटांची दुपार, २६ जुलै २००५ची पुराची रात्र यांच्या तारखा बदलण्यात अर्थ नाही, आणि मुंबईकर वाचक त्यासाठीच ती पानं उघडेल. पण त्या दिवशी स्ट्रेचरवर आलेला माणूस गिरणीतून निवृत्त झालेला आणि लालबागचा असेल, तर तुमच्या पुस्तकात तो दुकानातला हिशेबनीस आणि भांडुपचा होऊ शकतो. त्यानं पाणी मागितलं, तुमचा हात सोडला नाही, हे जसं घडलं तसंच ठेवा. ज्यांचं नाव ठेवायचंच आहे त्यांची किंवा घरच्यांची लेखी परवानगी घ्या. साधा कागद, सही आणि तारीख पुरे. सहकाऱ्यांबद्दल आणि वरिष्ठांबद्दल कडू लिहिलं असेल, तर बदनामीचं कलम, म्हणजे न्याय संहितेचं ३५६, डोळ्यांसमोर ठेवून एकदा वकिलाकडून ती पानं वाचून घ्या. अख्खं पुस्तक दाखवायची गरज नाही. तुम्हाला धाकधूक वाटणारी पानं तेवढी दाखवा. कोणती ते तुम्हाला माहीत आहे.

प्रकरणांच्या सुरुवातीला कवितेच्या ओळी घालायचा मोह बहुतेकांना होतो. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर, पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं स्वामित्वहक्क टिकतो. केशवसुत १९०५ साली गेले, मर्ढेकर १९५६ साली. त्यांच्या हयातीत छापलेल्या ओळी तुम्ही निर्धास्त वापरू शकता. कुसुमाग्रज १९९९ साली गेले, म्हणजे त्यांचा हक्क २०५९च्या अखेरपर्यंत आहे. तिथे परवानगी मागा. सिनेमातल्या गाण्यांच्या ओळी शक्यतो टाळाच, हक्क कोणाकडे आहे ते शोधण्यातच महिने जातात. तुमच्या स्वतःच्या लेखनाचा हक्क मात्र ते लिहिलं त्या क्षणापासून तुमचा आहे, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. आणि कोणी तुमच्यासमोर करारनामा ठेवला, तर त्यात मुदत लिहिली आहे का ते पाहा. १९५७च्या कायद्याप्रमाणे हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. "कायमस्वरूपी", "सर्व माध्यमांत" असे शब्द दिसले तर सही करू नका.

अक्षरजुळणीत एक गोष्ट मुंबईतल्या प्रत्येक नव्या लेखकाला सांगावीशी वाटते. जुळणी युनिकोडमध्येच, म्हणजे कोणत्याही संगणकावर आणि फोनवर वाचता येणाऱ्या अक्षरसंकेतात, करून घ्या. आपल्याकडे अजूनही बरेच डीटीपीवाले श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये, पेजमेकर किंवा कोरलमध्ये काम करतात. छापायला ते चालतं, पान सुरेखही दिसतं. अडतं पुढे. ई-पुस्तक करायचं म्हटलं की तो मजकूर युनिकोडमध्ये वळवावा लागतो, आणि वळवताना नेमकी आपली मराठी अक्षरं मोडतात. "दुसऱ्या"चं "दुसर्‌या" होतं किंवा सरळ रफार चढून "दुसर्या" होतं, "वाऱ्यावर"चं "वार्यावर". "ॲ" तुटून चौकोन येतो. ४५ हजार शब्दांत अशी ठिकाणं शेकड्यांनी निघतात, आणि शुद्धलेखन तपासणारी यंत्रं त्यांतली निम्मी सोडून देतात. मुद्रितशोधकाला सांगा की शेवटच्या वाचनात "ऱ्य" आणि "ऱ्ह" स्वतंत्रपणे शोधायचे.

इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये काम होत असेल तर परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोजर निवडलेला आहे ना, हे विचारा. नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर येते आणि जोडाक्षरं फुटतात. फॉन्टसाठी पैसे घालवायची गरज नाही. राज्य मराठी विकास संस्थेनं उपलब्ध करून दिलेला यशोमुद्रा पुस्तकाच्या मजकुराला चांगला चालतो. गूगल फॉन्ट्सवर तिरो देवनागरी मराठी आहे, त्यात "ल" आणि "श" आपल्या वळणाचे आहेत. फक्त त्याला ठळक रूप नाही, म्हणून शीर्षकांना मुक्तासारखा दुसरा फॉन्ट घ्यावा लागतो. तुमचे वाचक बरेचसे पन्नाशीच्या पुढचे असणार, तेव्हा अक्षर बारीक करून पानं वाचवू नका.

काम देतानाच लेखी ठरवा की शेवटी तुम्हाला तीन गोष्टी मिळतील : छपाईची पीडीएफ, इनडिझाइनची उघडी, म्हणजे बदल करता येणारी, फाइल फॉन्टसह, आणि मुखपृष्ठाची थर वेगळे ठेवलेली मूळ फाइल. चित्रकाराशीही लिहून घ्या की हे चित्र पुढच्या आवृत्तीला, ई-पुस्तकाला आणि जाहिरातीला वापरता येईल. शेवटचा हप्ता या फाइली हातात आल्यावरच द्या.

आता छपाई. डेमी आकार घ्या, साडेपाच बाय साडेआठ इंच. ४५ हजार शब्द त्यात साधारण १६० पानांत बसतील, म्हणजे १६ पानांचे १० फर्मे (फर्मा म्हणजे एकत्र छापून घडी घातलेल्या पानांचा संच). पानं १७० झाली तर अकरावा फर्मा अर्धामुर्धा जातो, म्हणून जुळणीवाल्याला १६० किंवा १७६ असं लक्ष्य आधीच द्या. २३ बाय ३६ इंचाच्या एका ताव कागदात अशी ३२ पानं निघतात. तुमच्या एका प्रतीला पाच ताव, ५०० प्रतींना २,५०० ताव, म्हणजे पाच रीम, वर थोडी नासधूस. ७० जीएसएमच्या, म्हणजे चौरस मीटरला ७० ग्रॅम भरणाऱ्या, या मापाच्या रीमचं वजन पावणेएकोणीस किलोच्या आसपास भरतं. हा हिशेब स्वतः करून प्रेसमध्ये गेलात की समोरचा माणूस तुमच्याशी नीट बोलतो. कोटेशनमध्ये कागदाचं वजन आणि मिलचं नाव, मुखपृष्ठाचं कार्ड, लॅमिनेशन, बांधणी आणि जीएसटी धरून की सोडून, हे सगळं लिहून मागा. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, पण म्हणूनच छपाईवर तुम्ही भरलेला जीएसटी परत मिळवता येत नाही. तो तुमच्या खर्चातच जातो.

लोअर परळ, प्रभादेवी, वडाळा इथल्या इंडस्ट्रियल इस्टेटींमध्ये किमान तीन ठिकाणी विचारा. तिथे त्यांनी छापलेलं पुस्तक हातात घ्या, मधोमध पूर्ण उघडा आणि पाठीकडे पाहा. पाठ तडकली किंवा पान सुटलं तर दर कितीही कमी असू दे, निघा. कागदाचा धागा, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा, पुस्तकाच्या पाठीला समांतर आहे का, तेही विचारा. आडवा धागा असलेलं पुस्तक मुंबईच्या जुलैमध्ये कमानीसारखं वाकतं आणि मिटत नाही. मुखपृष्ठाची पाठ किती मिलिमीटर हे पानं आणि कागद ठरल्यावरच कळतं. तुमच्या १६० पानांना ती आठच्या आसपास येईल. चित्रकाराला हा आकडा शेवटी द्या, नाहीतर पाठीवरचं नाव सरकून मुखपृष्ठावर येतं.

किती प्रती? माझं ठाम मत आहे : पहिल्यांदा ३००. हजार प्रती म्हणजे एकावर एक ठेवल्या तर आठ मीटरचा ढीग आणि सुमारे १८५ किलो वजन. मुंबईच्या घरात तो पलंगाखाली जातो आणि दोन पावसाळ्यांत पिवळा पडतो. साधारण ३००च्या खाली डिजिटल, म्हणजे फाइलवरून थेट होणारी छपाई परवडते, ५००च्या वर ऑफसेट, म्हणजे प्लेटा करून होणारी. मधल्या आकड्याला दोन्हींचे दर मागवा. डिजिटलचा फायदा असा की ३०० संपल्या तर आणखी १०० दोन आठवड्यांत येतात, आणि पहिल्या खेपेत राहिलेल्या चुका तेवढ्यात दुरुस्त होतात. लागेल तेवढीच प्रत छापून पाठवणाऱ्या पोथी डॉट कॉम किंवा नोशन प्रेससारख्या सेवाही आहेत. परगावच्या आणि परदेशातल्या वाचकांसाठी त्या उपयोगी पडतात, पण प्रतीचा खर्च जास्त असतो. सगळं त्यांच्यावर सोडू नका.

पैशांचा हिशेब एकदा उघडपणे मांडू. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या कोटेशनप्रमाणे बदला. संपादन, मुद्रितशोधन, जुळणी, मुखपृष्ठ मिळून ४० हजार. छपाई प्रतीला ९० रुपये. किंमत २५० रुपये. वितरकाला ५० टक्के सूट द्यावी लागली तर तुमच्या हाती १२५ येतात, छपाई वजा जाता ३५ उरतात. ४० हजार भरून निघायला साडेअकराशेच्या आसपास प्रती विकाव्या लागतील, आणि तेही पैसे महिनोन्‌महिने उधारीत अडकतात, न विकलेल्या प्रती परत येतात. तीच प्रत तुम्ही स्वतः २०० रुपयांना दिली तर ११० उरतात, आणि ३६४ प्रतींना तुमचा खर्च निघतो. म्हणजे पहिली ३०० प्रतींची खेप अख्खी विकूनही थोडे पैसे अडकलेले राहतील, ते दुसऱ्या खेपेत सुटतील. हे आधीच माहीत असलेलं बरं. पण साडेअकराशे अनोळखी वाचक शोधण्यापेक्षा ३६४ माणसांपर्यंत स्वतः पोचणं तुम्हाला शक्य आहे. वितरक हवाच असेल तर ३०-४० प्रतींपुरता ठेवा, दादरच्या दुकानांत पुस्तक दिसावं एवढ्यासाठी.

ती माणसं कोण, हे तुम्हाला कोणत्याही प्रकाशकापेक्षा जास्त माहीत आहे. तुमच्या तुकडीच्या मैत्रिणी, त्यांचे व्हॉट्सॲप गट, नर्सिंगची महाविद्यालयं, परिचारिकांच्या संघटना, ज्या डॉक्टरांबरोबर काम केलं ते. छपाईला देण्याआधी महिनाभर या लोकांकडून नाव, पूर्ण पत्ता आणि पिनकोडसह मागणी गोळा करा. पैसे आधी घेतले तर उत्तमच, यूपीआयमुळे ते अवघड राहिलेलं नाही. दीडशे मागण्या आल्या तर ३०० छापा. चाळीस आल्या तर १०० छापा. नमुन्याचं एक प्रकरण त्या गटांवर मोकळेपणानं वाचायला द्या. वृत्तपत्रांना अभिप्रायासाठी प्रती जरूर पाठवा, पण पंचवीस ठिकाणी वाटत बसू नका. तुमचा विषय खरोखर वाचतील अशा पाच-सहा जणांना, नावानं आणि हातानं लिहिलेल्या चिठ्ठीसह पाठवा.

टपालासाठी १ मे २०२५पासून सुरू झालेली ज्ञान पोस्ट ही सेवा पाहा. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. तुमची प्रत १८५ ग्रॅमच्या आसपास भरेल, पुठ्ठ्याच्या पाकिटासह सहज बसते. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक पुस्तकांसाठी ती आहे. जाहिराती असलेलं साहित्य तिथे चालत नाही, आणि पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं असावं लागतं. तेव्हा मागच्या पानांवर कोणाच्या जाहिराती घेऊ नका, आणि श्रेयपान पूर्ण भरा : प्रकाशक म्हणून तुमचं नाव व पत्ता, मुद्रकाचं नाव, हक्क कोणाचे, आवृत्ती, महिना-साल, आयएसबीएन, किंमत.

आयएसबीएन फुकट मिळतो. दिल्लीची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था तो देते, अर्ज ऑनलाइन करायचा, लेखक स्वतःच्या नावानं करू शकतो. त्यासाठी हजार-दोन हजार मागणाऱ्या एजंटाला उभं करू नका. ई-पुस्तक स्वतंत्रपणे काढलं तर त्याचा क्रमांक वेगळा. आहे तसंच पुनर्मुद्रण केलं तर जुनाच चालतो. पुस्तक निघाल्यावर ३० दिवसांत १९५४च्या कायद्याप्रमाणे एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक चेन्नई, दिल्ली व मुंबईच्या ठरलेल्या ग्रंथालयाला द्यायची असते. मुंबईचं म्हणजे फोर्टच्या टाउन हॉलमधलं मध्यवर्ती ग्रंथालय. राज्याच्या ग्रंथालय संचालनालयाचा पत्ताही तोच, तेव्हा एकाच फेरीत तिथे शासनमान्य ग्रंथांच्या यादीसाठी प्रत कधी आणि कशी द्यायची तेही विचारून या. त्या यादीत पुस्तक आलं की राज्यभरची सार्वजनिक वाचनालयं ते घेऊ लागतात. यादीची वाट न पाहताही दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाला आणि ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाला स्वतः जाऊन भेटा. आणि हे तुमचं पहिलं पुस्तक आहे, तेव्हा छपाईला देण्याआधी राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदानाच्या अटी एकदा वाचा. छापून झाल्यावर त्याचा उपयोग नाही.

ई-पुस्तक छापील पुस्तकानंतर तीन-चार महिन्यांनी काढा. किंडलवर मराठी चालतं, स्वतः चढवता येतं. तिथे सिलेक्ट नावाच्या योजनेत भाग घेतलात तर ९० दिवस ते ई-पुस्तक दुसरीकडे, म्हणजे बुकगंगा या मराठी पुस्तकांच्या संकेतस्थळावरही, ठेवता येत नाही, एवढं ध्यानात असू द्या. ऑडिओचे हक्क कोणाला सहज देऊन टाकू नका. तुमचं लेखन ऐकायला चांगलं लागेल असं वाटतं.

समारंभ लहान करा. हॉल, शाली, अल्पोपाहार यांवर संपादकाच्या मानधनाएवढे पैसे जाताना मी पाहतो आणि हळहळतो. एक वक्ता, तुम्ही वाचलेलं एक प्रकरण, आणि दाराजवळ पुस्तकांचं टेबल. टेबलावर एक खमक्या माणूस, मोठा छापलेला क्यूआर, सुटे पैसे आणि नावं लिहायला वही. त्या संध्याकाळी जेवढ्या प्रती जातात, तेवढ्या नंतर महिनाभरात जात नाहीत.

वेळेचं शेवटचं. गणपतीपासून दिवाळीपर्यंत इथल्या प्रेस दिवाळी अंकांत बुडालेल्या असतात, त्यानंतर डिसेंबरपर्यंत कॅलेंडरं आणि डायऱ्या. जूनपासून हवेत दमटपणा येतो आणि बांधणी वाळायला वेळ लागतो. तुमच्यासाठी तारीख ठरलेलीच आहे : १२ मे, परिचारिका दिन. उलट मोजा. एप्रिलच्या मध्याला प्रती हातात, मार्चअखेर प्रेसला फाइल, फेब्रुवारीत जुळणी आणि दोन वाचनं, त्याआधी आयएसबीएनचा अर्ज, आणि संपादनाला किमान तीन महिने. म्हणजे हस्तलिखित ऑक्टोबर संपायच्या आत संपादकाच्या टेबलावर हवं. दहा नमुना पानं मात्र या आठवड्यातच दोघा-तिघांकडे पाठवा. आणि त्या कंपनीनं आगाऊ रक्कम मागितली असेल, तर ती भरू नका.